तात्पुरतं लाल तेल

गाडी बाबांची. २००४ ची होंडा अकॉर्ड, ऑटोमॅटिक. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं जमेना, म्हणून सेकंडहँड घेतलेली. नागावहून अलिबागला डॉक्टरकडे, बाजारात, आईला घेऊन रेवदंड्याला, सगळीकडे ते स्वतः चालवत जातात. गिअरबॉक्स गेला तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. म्हणजे गाडी भंगारात आणि बाबा घरात!

तर झालं असं, की दिवाळीत वडखळच्या ट्रॅफिकमधून दोन तास रांगत आलो आणि कार्लेखिंडीत गाडी गिअर बदलताना झटके द्यायला लागली. घरी येऊन डिपस्टिक बघितली. (होंडाची लेव्हल गाडी गरम करून, इंजिन बंद केल्यावर मिनिटभरात बघायची, जुन्या टोयोटाची इंजिन चालू ठेवून. पद्धतीची अदलाबदल केलीत तर लेव्हल चुकलीच.) लेव्हल बरोबर, रंग लाल. मग बाबांना आठवलं, की मागे तेल कमी झालं होतं तेव्हा एका गॅरेजवाल्याने पॉवर स्टिअरिंगच्या बाटलीतलं ओतलं होतं. "काय नाय होत काका, लालच तेल हाय."

आता गंमत बघा. तो अगदीच चूक नव्हता. त्या बाटलीवर डेक्सरॉन ३ लिहिलेलं होतं, आणि होंडाच्या त्या काळातल्या मॅन्युअलमध्येच म्हटलंय, की आमचं तेल मिळालं नाही तर डेक्सरॉन ३ तात्पुरतं चालेल, पण लवकरात लवकर बदला. आम्ही सॉफ्टवेअरवाले हा 'तात्पुरता' शब्द चांगला ओळखतो. शुक्रवारी संध्याकाळी टाकलेला तात्पुरता पॅच पाच वर्षं चालतो. इथेही तेच झालं.

लाल रंग हा नुसता रंग आहे. गळती झाली तर इंजिन ऑइलपासून ओळखू यावी म्हणून घातलेला. खरा फरक घर्षणात असतो. या गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्या तेलात बुडूनच एकमेकींना धरतात. किती हळुवार धरायचं आणि किती घट्ट, ते तेलातली रसायनं ठरवतात. १९७० च्या आसपासपर्यंत अमेरिकेत यासाठी चक्क स्पर्म देवमाशाचं तेल वापरायचे! फोर्डचं जुनं टाइप एफ तेल चटकन पकडणारं, जनरल मोटर्सचं डेक्सरॉन हळुवार. दोन्ही लालच.

शिवाय जनरल मोटर्सने डेक्सरॉन ३ चं लायसन्स देणं २००६ च्या अखेरीला बंद केलं. आज बाटलीवर ते नाव असेल, तर आतला माल त्या दर्जाचा आहे का हे जनरल मोटर्स तपासत नाही. तसंच 'सर्व गाड्यांसाठी' हे लेबल म्हणजे बाटली विकणाऱ्याचा दावा. याउलट होंडाचं जुनं झेड-१ बंद झालं, पण त्याच्या जागी आलेलं डीडब्ल्यू-१ जुन्या गाड्यांना चालतं, असं होंडाच सांगते. माझं मत एवढंच, की बॅकवर्ड कंपॅटिबल आहे हे स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याने सांगितलं तरच खरं धरावं.

म्हणून डीडब्ल्यू-१ चे डबे मुंबईहून मांडव्याच्या रो-रोने आणले. ड्रेन बोल्ट काढला की सगळं तेल निघत नाही, साधारण ४० टक्केच निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून बसतं. मग तीन शनिवार बदललं. जुनं उरलं आधी ६० टक्के, मग ३६, मग २२. मधल्या आठवड्यात बाबांनी गाडी चालवून तेल मिसळायचं, हे त्यांचं काम. मशीन लावून फ्लश मुद्दामच केलं नाही.

झटके बरेच कमी झाले. पूर्ण गेले नाहीत. थंड गाडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थोडा जाणवतो. क्लचची झीज तेलाने भरून येत नाही.

तुमची जुनी ऑटोमॅटिक असेल तर आधी ती टॉर्क कन्व्हर्टरवाली, सीव्हीटी की एएमटी ते बघा. तिघींचं तेल वेगळं. मग मॅन्युअलमधलं नाव कागदावर लिहून बॉनेटच्या आतून चिकटवा. मी आता चिकटवलंय, मराठीत, मोठ्या अक्षरात: 'लाल आहे म्हणून ओतू नये.'

असो. बाबा काल एकटेच चौलला जाऊन आले.