तयारी कोणी करायची?

पदवीधर तरुणाला नोकरी मिळत नाही, कारण त्याला मुलाखत देता येत नाही, हा सिद्धांत आता इतका सर्वमान्य झाला आहे की त्याची शहानिशा करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. मालकवर्ग तो मांडतो, मंत्री रोजगार मेळाव्यांच्या व्यासपीठावरून तो सांगतात, आणि अखेर तो तरुण स्वतःही तो खरा मानू लागतो. वर्धा, हिंगणघाट, आर्वीपासून पुण्यापर्यंत व्यक्तिमत्त्वविकासाचे वर्ग चालतात ते याच सिद्धांताच्या भांडवलावर. रोग तरुणाच्या जिभेत आहे असे एकदा ठरले, की औषध विकणाऱ्यांना गिऱ्हाईक कमी पडत नाही.

या वर्गांत शिकवतात काय? खुर्चीत कसे बसावे, बोलण्यातला वऱ्हाडी हेल कसा घालवावा, आणि ‘पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कोठे पाहता?’ या प्रश्नाला कोणते उत्तर द्यावे. अनेकदा हा प्रश्न विचारणारा मालक उमेदवाराला अकरा महिन्यांपलीकडचा करार देणार नसतो. ज्याला पुढच्या दिवाळीची शाश्वती नाही, त्याने पाच वर्षांचे स्वप्न मात्र पाठ करून यावे, अशी ही रीत आहे.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे पीक बुडवले. अशा हंगामात समुद्रपूर किंवा देवळी तालुक्यातील एखादा मुलगा कॉलेज सोडून शेत सांभाळतो, आणि मग त्याच्या बायोडेटात दोन वर्षांची पोकळी दिसते. वर्गात त्याला सल्ला मिळतो की ही पोकळी झाका, एखादा संगणकाचा अभ्यासक्रम केल्याचे सांगा. वास्तविक त्या दोन वर्षांत त्याने बँकेचे आणि सावकाराचे देणे सांभाळले, मजुरांची जमवाजमव केली, व्यापाऱ्याशी भावावरून झुंज दिली. हे व्यवस्थापन नव्हे तर दुसरे काय? पण ते इंग्रजी नावाने केलेले नाही म्हणून लपवायचे, आणि जे केलेच नाही ते सांगायचे. स्वतःच्या आयुष्याची लाज बाळगायला शिकवणे याला व्यक्तिमत्त्वाचा विकास म्हणत नाहीत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या सिद्धांताचा पोकळपणा अधिकच स्पष्ट होतो. मुलाखतीची उत्तम तयारी केलेला उमेदवार रांगेत पुढे सरकतो, पण तेवढ्याने रांग आखूड होत नाही; दुसरा कोणी मागे ढकलला जातो, इतकेच. २०२३ साली राज्यातील तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. त्या भरतीत मुलाखत नव्हतीच. म्हणजे उरलेले लक्षावधी अर्जदार संवादकौशल्याअभावी मागे पडले, असे म्हणण्याची सोयही येथे नाही. जागाच नव्हत्या! बेकारी हा अर्थव्यवस्थेचा दोष आहे. तो उमेदवाराच्या देहबोलीचा दोष ठरवणे ही जबाबदारी झटकण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे.

आता मुलाखत मोजते तरी काय, ते पाहू. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण ठेवलेले होते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा उमेदवारांची तक्रार अशी होती की मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि प्रश्न विचारले गेले ते आईबाप कोण आणि राहणार कोठले, याविषयी. अजय हासिया खटल्यात नोव्हेंबर १९८० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानीचे ठरेल; मुलाखत ध्वनिमुद्रित करणे इष्ट, असेही सांगितले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत आज २,०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत, म्हणजे १५ टक्क्यांच्या आत. खासगी मालकावर मात्र असे कोणतेच बंधन नाही. त्याची मुलाखत शंभर टक्के गुणांची, आणि बंद दाराआडची.

या दाराआड काय चालते याची थोडी कल्पना २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांवरून येते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनाच बोलते केले, तेव्हा आढळले की ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ची चौकशी त्यांना अत्यंत महत्त्वाची वाटते. वडील काय करतात, हा प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो. पण ज्याचा बाप सालगडी आहे, त्याला त्या प्रश्नातच निकाल ऐकू येतो. जन्मावरून मापे घ्यायची आणि त्या मापाला गुणवत्ता म्हणायचे, ही जुनीच जातिव्यवस्था नवा कोट घालून बसली आहे.

माणसाची पारख दुसऱ्या रीतीनेही होऊ शकते, हा विचार ज्या गावात मांडला गेला ते वर्धाच. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली, आणि तिच्या ठरावांतून डॉ. झाकिर हुसेन समितीची योजना निघाली. हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण हा तिचा गाभा होता, आणि प्रचलित परीक्षापद्धतीवर त्या समितीने कठोर टीका केली होती. त्या योजनेच्या मर्यादा काहीही असोत, तिचे तत्त्व आजही टिकणारे आहे. माणसाला काय येते हे त्याच्या कामावरून ठरवावे. निवडीच्या पद्धतींवर पुढे झालेले संशोधनही याच दिशेने जाते. प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावणे, किंवा सर्वांना आधी ठरवलेले तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणे, हे मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते. म्हणजे तयारीची खरी गरज टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांना आहे.

सरकारची तयारी किती, याचा पुरावा जून २०२१ मध्ये मिळाला. राज्य लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवेची २०१९ ची पूर्व आणि मुख्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पुण्याच्या एका तरुणाने आत्महत्या केली. त्याची मुलाखत तोवर झालेलीच नव्हती. उमेदवार तयार होता. मुलाखत घेणारे राज्य तयार नव्हते.

मग मुलाखतीची तयारी करूच नये काय? असे म्हणणे हा पोकळ क्रांतिकारकपणा होईल. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याला व्यवस्था बदलेपर्यंत थांबा असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाला नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी तालुक्या-तालुक्यांत वाचनालयांच्या आश्रयाने विनामूल्य अभ्यासमंडळे चालवावीत आणि सरावाच्या मुलाखती घ्याव्यात. पण तेथे नम्रपणे मान हलवण्याचे धडे नकोत. शेतात, दुकानात, घरात केलेल्या कामाचा हिशेब ताठ मानेने कसा मांडावा, हे शिकवावे. आणि उमेदवारानेही प्रश्न विचारावेत: पगार किती, करार किती महिन्यांचा, भविष्यनिर्वाह निधी भरणार की नाही? मुलाखत हा श्रमशक्तीचा सौदा आहे, आणि आपल्या मालाचा भाव ठाऊक नसलेला विक्रेता बाजारात लुबाडला जातो, हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

त्याचबरोबर मागण्याही स्पष्ट हव्यात. मुलाखतीचे निकष आधी जाहीर व्हावेत आणि गुण नंतर प्रसिद्ध व्हावेत. कुटुंब आणि जात सुचवणाऱ्या प्रश्नांना बंदी असावी. महाराष्ट्रातील नोकरीसाठी मराठीतून मुलाखत देण्याचा हक्क असावा. बाहेरगावच्या बेकार उमेदवाराला प्रवासखर्च मिळावा. सरकारी भरतीत मुख्य परीक्षेच्या निकालानंतर ठरावीक मुदतीत मुलाखत घेण्याचे बंधन आयोगावर असावे. अनुदानित शाळांत शिक्षकभरतीचा अंतिम शब्द संस्थाचालकांच्या मुलाखतीकडे राहता कामा नये, कारण जेथे पगार सरकार देते तेथे निवडीचा अधिकार खासगी ठेवणे म्हणजे देवघेवीला आमंत्रणच होय.

१९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा ग्रामीण मजुराला काम मागण्याचा हक्क मिळाला. मातीकामावर जाणाऱ्याला कोणी त्याची दुर्बल स्थाने विचारली नाहीत. काम देणे हे शासनाचे कर्तव्य मानले गेले. त्याच मजुराचा मुलगा आज पदवी घेऊन दाराशी उभा आहे, आणि त्याला मात्र आपण कामाला लायक आहोत हे पुनःपुन्हा सिद्ध करावे लागते. बापाला जो हक्क होता तो मुलाला का नाही, हा प्रश्न आता त्यानेच मुलाखत घेणाऱ्यांना विचारला पाहिजे.