फुग्याला टांगलेली दुर्बीण

ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही. तिथे विरळ वायू आहे आणि त्यात सिलिकेट व कार्बनची बारीक धूळ. वस्तुमानात धुळीचा वाटा जेमतेम १ टक्का, पण रसायनशास्त्र तिच्याच जिवावर चालते. हायड्रोजनचे दोन सुटे अणू वायूत सहसा जुळत नाहीत. ते धूलिकणावर टेकतात, तिथे भेटतात, रेणू बनतो आणि जादा ऊर्जा कण शोषून घेतो. पाणी आणि मिथेनॉलही याच कणांवरच्या बर्फात तयार होतात.

ही धूळ दूर-अवरक्त किरणांत उजळते, पण ते किरण हवेतली वाफ अडवते. म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादच्या फुगा-केंद्रातून १०० सेंटिमीटरची दुर्बीण ३० किलोमीटरच्या आसपास चढवली. जपानी वर्णपटमापक जोडल्यावर तिने आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषाही टिपली.

अवकाशयानांच्या बातम्या घरोघर पोहोचतात, हे चिवट काम मात्र मराठीत जवळपास आलेच नाही. या अंकात आम्ही ते धुळीच्या बाजूने मांडले आहे. हैदराबादच्या आकाशात असा फुगा पाहिलेल्या वाचकांनी आपली आठवण आम्हाला जरूर कळवावी.