धाडसाला शिस्तीची जोड हवी!

बुलढाण्याहून वाशीम जिल्हा ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील एका २४ वर्षांच्या कारागिराचा, त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत असताना अंत झाला. शाळा अर्ध्यावर सुटलेला हा तरुण वेल्डिंगच्या दुकानात काम करी, आणि त्याने जुन्या मारुती मोटारीचे इंजिन बसवून एका माणसापुरते हेलिकॉप्टर तयार केले होते. यंत्र जमिनीवरच होते. मागचा पंखा मोडला, तो मुख्य पंख्यावर आदळला, आणि पात्याचा घाव चालकाच्या वर्मी बसला. काही दिवसांनी येणाऱ्या स्वातंत्र्यदिनी ते यंत्र लोकांना दाखवावयाचे, असा त्याचा मनोदय होता.

या घटनेनंतर आमच्या सुशिक्षित समाजात दोनच सूर उमटले. कोणी त्या तरुणास हुतात्मा ठरविले. कोणी ‘नसते धाडस’ म्हणून नाक मुरडले. आम्हांस हे दोन्ही सूर सारखेच बेजबाबदार वाटतात. पहिल्याने दोष झाकला जातो, दुसऱ्याने गुण मारला जातो.

‘राइट बंधूंनी तरी कोठे पदवी घेतली होती?’ असा प्रश्न अशा वेळी हटकून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर विचारणाऱ्यास सोयीचे नाही. राइट बंधू सायकलींचे कारागीर होते हे खरे. पण १९०३ च्या डिसेंबरात इंजिनाचे विमान उडविण्यापूर्वी त्यांनी तीन वर्षे बिनइंजिनाच्या विमानांवर घालविली, वाऱ्याचा बोगदा तयार करून पंखांचे सुमारे दोनशे नमुने पारखले, आणि पडलो तर वाळूत पडू अशी जागा हुडकून काढली. एवढे करूनही १९०८ मध्ये त्यांच्या विमानाचा पंखा हवेत तडकला व सोबतचा लष्करी अधिकारी सेल्फ्रिज प्राणास मुकला. त्यांच्या आधी जर्मनीचा लिलिएन्थाल दोन हजारांवर उड्डाणे करून १८९६ मध्ये पडून मेला. विमानविद्या अनुभवी माणसालाही क्षमा करीत नाही, मग नवख्याला ती कशी करील?

फिरत्या पात्याचा हिशेब सोपा आहे. फेऱ्यांची गती दुप्पट झाली की पात्याच्या मुळाशी पडणारा ताण चौपट होतो. कपाटाला दहा वर्षे पुरणारा वेल्डिंगचा सांधा सततच्या कंपनाने काही तासांत फुटू शकतो, आणि फुटण्यापूर्वी तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणून पहिल्या चाचणीच्या वेळी यंत्रात माणूस असूच नये. यंत्र जमिनीशी जखडावे, गती लांबून तारेने वाढवावी, पात्यांच्या फिरण्याच्या पातळीत कोणासही उभे राहू देऊ नये. आणि थोडी गती वाढविली की थांबून सांधा न् सांधा तपासावा. यास फारसा पैसा लागत नाही. सांगणारा माणसू मात्र लागतो.

हा माणूस त्या तरुणास का भेटला नाही, हा आमचा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. आरंभीचे ठरावीक तास वस्तीपासून दूर व प्रवाशांविना उडवूनच ते विमान पुढे जाते. आपल्याकडे मुंबईच्या कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव हे स्वतः वैमानिक. तरीही त्यांना नोंदणीसाठी २०१७ पर्यंत सरकारदरबारी खेटे घालावे लागले. मग खेड्यातल्या वेल्डरने कोणाचे दार ठोठवावे?

बुलढाणा जिल्ह्यात उद्या असा एखादा तरुण निघणार नाही असे कोण म्हणेल? शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांनी महिन्यातून एक दिवस आपली कार्यशाळा अशा कारागिरांस खुली करावी, प्राध्यापकांनी त्यांचे सांधे तपासावेत, आणि ‘हे अजून चालवू नकोस’ असे स्पष्ट सांगण्याचे अप्रिय कर्तव्यही करावे. उड्डाणाच्या परवानगीचे नियम सुबोध मराठीत जिल्हाधिकारी कचेरीत मिळावेत.

आणि आमच्या वाचकांनी? गावच्या पोराचे यंत्र पाहून टाळ्या जरूर वाजवाव्यात. परंतु टाळी वाजविण्यापूर्वी ‘याची तपासणी कोणी केली?’ एवढे विचारावे. फुलसावंगीत तो प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर एक गुणी कारागीर कदाचित आज आपल्यात असता.