पासवर्ड कुणाला सांगावा?

२०२५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. अकरावीचे प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. तोवर ही भानगड मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरती होती. आमच्या दर्यापुरात पोरं गुणपत्रिका घेऊन कॉलेजात जायची, रांगेत उभी राहायची आणि प्रवेश घेऊनच घरी यायची. आता घरबसल्या फॉर्म भरायचा, घरबसल्या दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम द्यायचे. घरबसल्या म्हणजे ज्याच्या घरात नेट आहे त्यानं, हे कुणी वेगळं सांगत नाही.

रात्री साडेनऊच्या सुमारास शेजारच्या वहिनी मुलीला घेऊन दारात आल्या. "भाऊ, पोरीचा डाटा संपला. फॉर्म भराचा हाय तिले, अर्ध्यावरच अडकला. तुमचं वायफाय मिळन का घडीभर?" मुलगी त्यांच्या मागे उभी होती. हातात बापाचा फोन, काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला.

मी लगेच हो म्हटलं नाही. दोन-तीन सेकंदच गेले असतील, पण गेले. तेवढ्यात माझी बायको आतून आली, तिनं स्वतःच्या फोनवर वायफायची सेटिंग उघडली, शेअरवर बोट ठेवलं, अंगठा लावला आणि पडद्यावर ती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट आणून मुलीपुढे धरली. "ले बेटा, स्कॅन कर." मुलीनं कॅमेरा धरला, फोन जोडला गेला. ना स्पेलिंग, ना कॅपिटल-स्मॉल. पोरगी आमच्या ओट्यावर अकरा वाजेपर्यंत बसून फॉर्म भरत राहिली, वहिनी आणि माझी बायको शेजारी बसून गप्पा मारत राहिल्या.

मी मात्र आत जाऊन त्या दोन-तीन सेकंदांचा विचार करत बसलो. वहिनी आमच्या तीस वर्षांच्या शेजारी. ईदला शीरखुर्मा तिकडे जातो, दिवाळीला चिवडा-अनारसे इकडे येतात. साखर मागितली असती तर मी थांबलो नसतो. मग नेटसाठी का थांबलो?

खरं उत्तर लिहायला जरा जड जातंय, पण लिहितो. मी घाबरलो होतो. नेटचं कनेक्शन माझ्या नावावर आहे. त्यावरून कुणी काही भलतंसलतं पाठवलं, कुठं काही टाकलं, तर बाहेरून पाहणाऱ्याला पत्ता माझ्या घराचा दिसणार. आणि माझं नाव असं आहे की चौकशीला आलेला माणूस दारावरची पाटी वाचूनच निम्मं मत बनवेल, ही भीती माझ्या मनातून जात नाही. त्या मुलीवर माझा अविश्वास नव्हता. पण पासवर्ड एकदा बाहेर गेला की तो तिच्या भावाकडे जाईल, भावाच्या मित्राकडे जाईल, ही साखळी मला त्या दोन सेकंदांत दिसली.

ही भीती माझ्या डोक्यातून उगवलेली नाही. तिला आपल्याच महाराष्ट्रातला इतिहास आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथं राहत होता एक अमेरिकन माणूस. त्याच्या घरातलं वायफाय उघडं होतं, आणि ते वापरून दुसऱ्याच कुणीतरी तो ईमेल पाठवला होता. त्याची चौकशी झाली, त्याचा स्फोटांशी संबंध नव्हता, आणि पुढे तो देश सोडून गेला. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबईतल्याच एका कॉलेजच्या आणि एका कंपनीच्या वायफायवरून तसेच ईमेल गेले. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडं वायफाय शोधत फिरण्याची मोहीमच काढली. तोवर वायफायला पासवर्ड घालणं ही हौशी लोकांची गोष्ट होती. ती सगळ्यांची सवय होण्यात या भीतीचा मोठा वाटा आहे.

सानपाड्याच्या त्या फ्लॅटमध्ये अमेरिकन माणसाऐवजी माझ्या नावाचा कुणी भाडेकरू असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी बरेचदा स्वतःला विचारला आहे. उत्तर इथं लिहीत नाही. वाचकालाही ते ठाऊक आहे.

त्यात आमचं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली, मे २०२३ मध्ये अकोल्यात. दोन्ही वेळा तिथलं इंटरनेट बंद ठेवलं गेलं. नेट म्हणजे काडेपेटी आहे, असं शासनाला वाटतं, आणि हळूहळू ते आपल्यालाही वाटायला लागतं. मग माणूस शेजारच्या पोरीला देतानाही हात आखडतो.

आता त्या चौकटीबद्दल थोडं. क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ साली तयार झाला, मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. मासाहिरो हारा या अभियंत्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो डेन्सो कंपनीसाठी बनवला. कंपनीकडे पेटंट होतं, पण तिनं ठरवलं की कुणी वापरला तरी पैसे मागायचे नाहीत. म्हणूनच तो आज चहाच्या टपरीवरही आहे. तीन कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन कॅमेऱ्याला सांगतात की कोड कुठं आहे आणि कोणत्या बाजूनं वाचायचा. थोडा फाटला, तेलाचा डाग पडला तरी वाचता यावा म्हणून मजकुराची जादा भरपाई आतच करून ठेवलेली असते.

वायफायच्या कोडमध्ये असतं काय? नेटवर्कचं नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड. बस्स. आणि हे सगळं साध्या मजकुरात, कुठल्याही कुलपाशिवाय. पुष्कळांना वाटतं की कोडमध्ये पासवर्ड लपलेला असतो. तो लपलेला नसतो, फक्त माणसाच्या डोळ्यांना वाचता येत नाही. फोनला येतो. दुकानाच्या काउंटरवर कोड चिकटवला म्हणजे पासवर्डच पाटीवर लिहिला. ज्यानं फोटो काढून नेला, त्याच्याकडे तो तुम्ही बदलेपर्यंत राहणार. उलट, त्या कोडनं फोन फक्त जोडला जातो. कोड स्कॅन केल्यावर एखादं पान उघडून बँकेचा ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागायला लागलं तर तो वायफायचा कोड नव्हे, कुणीतरी वरून चिकटवलेला दुसरा कागद आहे, असं समजून फोन खिशात ठेवावा.

आमच्या अम्मीला हा कोड भलताच आवडतो. अम्मी उर्दू वाचते, मराठी अक्षर अक्षर लावून वाचते, इंग्रजी नाही. आमचा जुना पासवर्ड मुलानं ठेवला होता. बारा अक्षरांचा, त्यात कॅपिटल, स्मॉल, आकडे आणि मधे एक ॲट. फोन बदलला की अम्मी कुणीतरी मोकळं होण्याची वाट बघत बसायची. नातवाला हाक मारायची, तो म्हणायचा, "रुको दादी, पाँच मिनट." ते पाच मिनिटं संध्याकाळपर्यंत चालायचे. आता ती स्वतः बायकोच्या फोनपुढे स्वतःचा फोन धरते आणि मोकळी होते. अँड्रॉइड दहा हे २०१९ साली आलं, तेव्हापासून ही सोय फोनच्या सेटिंगमध्येच आहे. आयफोनचा कॅमेरा २०१७ पासून असे कोड वाचतो. एवढ्या वर्षांत आपल्याकडे कुणी म्हाताऱ्या माणसांना हे बसून शिकवल्याचं मला तरी दिसलं नाही. पैसे पाठवायचा कोड मात्र भाजीवालीलाही दोन दिवसांत शिकवला गेला. ज्यात कुणाचा धंदा असतो ते शिकवायला माणसं मिळतात.

माझ्या दृष्टीनं या चौकटीची खरी किंमत इथं आहे. ती लिपी विचारत नाही. पासवर्ड विचारतो.

आणि घरात पासवर्ड ज्याच्याकडे, नेट त्याचं. हे आमच्या मोहल्ल्यात मी पाहिलं आहे आणि शेजारच्या आळीतही पाहिलं आहे, यात धर्माचा काही फरक नाही. मोठा भाऊ रात्री दहानंतर पासवर्ड बदलतो. बहिणीला अभ्यासाचं व्हिडिओ-लेक्चर बघायचं असेल तर तिनं मागायचं, कशासाठी ते सांगायचं. भाऊ स्वतः रात्री एकपर्यंत गेम खेळतो, त्याला कुणी विचारत नाही. केरळमध्ये फहीमा शिरीन नावाच्या विद्यार्थिनीला हॉस्टेलमधून काढलं होतं, कारण संध्याकाळच्या ठरावीक तासांत मोबाइल जमा करायला तिनं नकार दिला. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला निकाल लागला: इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, तिला परत घ्या. हॉस्टेलच्या वॉर्डनविरुद्ध न्यायालयात जाता येतं. घरातल्या वॉर्डनविरुद्ध कुठं जायचं? तिथं निदान एवढं करता येतं की आईच्या फोनमध्ये नेट जोडलेलं असावं आणि शेअर कसं करायचं हे आईला माहीत असावं. ही सोय असलेला कुठलाही जोडलेला फोन पुढच्याला चौकट दाखवू शकतो. भाऊसाहेबांची परवानगी लागत नाही.

आता देण्याकडे येतो. दर्यापूर हे खारपाणपट्ट्यातलं गाव. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. माझ्या लहानपणी विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे. गोड्या पाण्याची विहीर ज्याच्या मळ्यात, त्याच्याकडे सकाळी बायकांची रीघ लागे. पाण्याला कुणी नाही म्हणत नव्हतं, असं मी लिहून टाकणार होतो. पण ते खरं नाही. त्या विहिरीवर कोण चढायचं आणि कुणाला खाली उभं राहून वरून ओतून घ्यावं लागायचं, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा जुन्या शेजारधर्माचे गोडवे मी गाणार नाही. एवढंच म्हणेन की ज्यांना देण्याची सवय होती, त्यांनी प्रत्येक वेळी या पाण्याचं कुणी काय करील याचा हिशेब केला नाही.

माझ्या भीतीवर मी दोन उपाय केले. एक तांत्रिक. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क नावाची सोय असते. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. ते चालू केलं. पाहुण्याचा फोन त्यामुळे आपल्या घरातल्या संगणकापर्यंत किंवा टीव्हीपर्यंत पोचत नाही, आणि महिन्याला पासवर्ड बदलला तरी घरच्यांचे फोन तुटत नाहीत. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर यानं माझी मुख्य भीती जात नाही. गेस्ट नेटवर्कवरून गेलेली गोष्टही बाहेर माझ्याच पत्त्यावरून गेलेली दिसते. त्यामुळे दुसरा उपाय साधा आहे. कोड भिंतीवर लावायचा नाही. जो येईल त्याला समोर बसवून, तोंड पाहून, फोनवर दाखवायचा. ओळखीच्याला द्यायचं, आणि ओळख वाढवायची.

अनोळखी माणसासाठीची सोय मात्र माझ्यासारख्यानं जीव मुठीत धरून करायची नसते, ती सार्वजनिकच हवी. त्यासाठी योजना आहेसुद्धा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम-वाणी मंजूर केली. जुन्या पीसीओसारखी कल्पना: टपरीवाला, किराणा दुकानदार, कुणीही वायफाय विकू शकतो, त्याला परवाना लागत नाही, नोंदणी शुल्क लागत नाही. वापरणाऱ्याची ओळख मोबाइल नंबरवरून पटवली जाते, म्हणजे दुकानदाराच्या डोक्यावर सानपाड्याची टांगती तलवार नाही. अडचण होती ती घाऊक नेटच्या दराची. दुकानदाराला महागडी लाइन घ्यावी लागे. जून २०२५ मध्ये ट्रायनं ठरवून दिलं की अशा दुकानदाराला घरगुती ब्रॉडबँडच्या दुपटीपेक्षा जास्त दर लावायचा नाही. आमच्या बसस्टँडजवळ एके काळी पीसीओच्या पिवळ्या पाट्यांपुढे रात्री नऊनंतर रांग लागायची, एसटीडीचे दर उतरायची वाट बघत. आज त्याच जागी पोरं कुणाचं तरी हॉटस्पॉट सापडतंय का बघत उभी असतात. पंचायतीच्या, वाचनालयाच्या, शाळेच्या दारात अशी एक अधिकृत चौकट लावायला किती खर्च येतो? प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन, लाडक्या बहिणीची ई-केवायसी ऑनलाइन. फॉर्म सरकारनं ऑनलाइन केला, तर तो भरण्यापुरतं नेट सरकारच्या दारात मिळायला हवं. ती मेहरबानी नाही, त्या फॉर्मचाच भाग आहे.

शेजारच्या पोरीला पहिल्याच यादीत तिच्या पसंतीचं कॉलेज मिळालं. पेढे घेऊन आली तेव्हा तिचा फोन आपोआप आमच्या नेटला जोडला गेला, कारण तिला आम्ही घरचंच नेटवर्क दिलं होतं आणि पासवर्ड मी बदललेलाच नव्हता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पेढा खाल्ला.