प्रयोगशाळेतील नाताळ

१९९४ सालच्या अखेरीची गोष्ट. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात जेम्स ॲलिसन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काही उंदीर पिंजऱ्यांत ठेवलेले होते. त्यांच्या अंगात कर्करोगाच्या पेशी टोचलेल्या होत्या आणि त्यांतील काहींना एक नवे औषध दिलेले होते. एका तरुण सहकाऱ्याने आणून दाखविलेले आकडे पाहून ॲलिसन चकित झाले. औषध न मिळालेल्या उंदरांच्या गाठी वाढत गेल्या होत्या. औषध मिळालेल्यांच्या गाठी नाहीशा झाल्या होत्या.

या औषधामागील विचार असा. आपल्या रक्तातील टी-पेशी या शरीराच्या पहारेकरीच होत. शत्रू दिसताच त्याच्यावर तुटून पडावे, हा त्यांचा धर्म. परंतु हा आवेश अनावर झाला तर त्या स्वतःच्याच शरीरावर घाला घालतील, म्हणून निसर्गाने त्यांना लगामही घातलेला आहे. अशा एका लगामाचे नाव सीटीएलए-४. तो अधिक घट्ट ओढून, शरीर स्वतःवरच उलटते असे विकार आटोक्यात आणावे, असा विचार इतर शास्त्रज्ञ करीत होते. ॲलिसन यांच्या मनात उलटेच आले. तो सैल सोडला तर टी-पेशी कर्करोगावर चालून जाणार नाहीत काय?

असा विचार खरा ठरल्याचे दिसताच तुम्ही-आम्ही काय केले असते? पेढे वाटले असते! ॲलिसन यांनी तोच प्रयोग पुन्हा मांडला. नाताळची सुट्टी तोंडावर आली होती. गाठी मोजण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. कोणत्या पिंजऱ्यातील उंदरांना औषध मिळाले आहे, हे मात्र त्यांनी स्वतःला कळू दिले नाही. आशा ही मोठी लबाड असते. मोजपट्टी धरणाऱ्याच्या डोळ्यांत ती केव्हा शिरेल याचा नेम नाही. आरंभी सगळ्याच गाठी वाढत राहिल्या. त्या दिवसांत त्या गृहस्थाच्या मनाची काय अवस्था झाली असेल! आणि मग काही पिंजऱ्यांतील वाढ थबकली, गाठी आक्रसू लागल्या.

माझ्या मते या संशोधनातील थोर क्षण पहिल्या यशाचा नव्हे, या दुसऱ्या मोजणीचा आहे. वृत्तपत्रे ‘चमत्कार’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. परंतु प्रयोगशाळेतील दिवस चमत्कारांत जात नाहीत. पिंजरे स्वच्छ करावयाचे, कुप्यांवर चिठ्ठ्या लावावयाच्या, आकडे टिपावयाचे. काचेच्या तबकडीत वाढविलेल्या पेशींना रविवार ठाऊक नसतो. त्यांचे अन्न वेळेवर बदलावेच लागते. आणि एवढे करून बहुतेक प्रयोग फसतात.

कोणी म्हणेल, रोगी मरणाच्या दारी उभे असता तेच ते पुन्हा मोजीत बसणे ही चैन नव्हे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ॲलिसन यांची आई ते लहान असतानाच कर्करोगाने गेली होती. घाई करण्यास त्यांच्यापाशी कारण होते. परंतु १९८० च्या सुमारास इंटरफेरॉन या द्रव्याचा असाच गाजावाजा झाला, आणि पुढे ते मोजक्याच ठिकाणी उपयोगी ठरले. खोट्या आशेची किंमत रोग्यालाच मोजावी लागते. ॲलिसन यांचा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला, औषधाला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली, आणि २०१८ साली त्यांना जपानच्या तासुकू होंजो यांच्यासह नोबेल पारितोषिक लाभले. तरीही हे औषध रामबाण नाही. शरीरभर पसरलेल्या त्वचेच्या कर्करोगात ते घेणाऱ्यांपैकी सुमारे पाचांतील एकच तीन वर्षांनंतर हयात असतो. कित्येकांच्या बाबतीत मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी आतड्यांवरच उलटतात. हेही मोजणाऱ्यांनीच आपल्याला सांगितले.

असे काम आता आपल्याकडेही होते. पवईची आय. आय. टी. आणि टाटा मेमोरियल सेंटर येथील संशोधकांनी रोग्याच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना रक्ताच्या काही कर्करोगांची ओळख पटवून परत शरीरात सोडण्याची पद्धत सिद्ध केली; तिला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली. अशा प्रयोगशाळांत उद्या आपल्याच शाळांतील मुले जावयाची आहेत. म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे.

मी मराठीचा शिक्षक. पण मुख्याध्यापक या नात्याने विज्ञानाच्या प्रयोगवह्याही एकदा तपासल्या. शाळा घाटमाथ्यावर, सुमारे चार हजार फूट उंचीवर होती. पाणी किती अंशांना उकळते, हा प्रयोग. एकोणचाळीस वह्यांत १०० अंश लिहिलेले होते, एका वहीत ९६. मी तो आकडा लाल शाईने खोडून १०० केला. दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे शिक्षक संकोचून म्हणाले, “सर, एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असतो. पाणी इथे ९६ लाच उकळते.”

ती वही परत मागवून मी लाल रेघेच्या वर पुन्हा ९६ लिहिले आणि खाली सही केली. उरलेल्या एकोणचाळीस वह्यांचे काय करावयास हवे होते, हे मला आजही नीटसे ठरविता आलेले नाही.