विश्लेषण : संशोधकाच्या स्टार्टअपला पैसा मिळतो, मग शेड कोण देणार?

विद्यापीठातल्या संशोधकाने कंपनी काढायची म्हटले, की ‘सीड फंड’ हा शब्द आधी कानावर येतो. सातारा-सांगलीत विखुरलेल्या औंध संस्थानात हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. पण एका तंत्रशिक्षकाच्या कारखान्याला तिथे १९१० मध्येच बीजभांडवल मिळाले होते.

औंधने नेमके काय दिले?

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी बेळगाव गाठले. सायकलींच्या दुकानापासून कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत आणि तिथून लोखंडी नांगरापर्यंत ते आले. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागाही नगरपालिकेमुळे सोडावी लागली.

तेव्हा नुकतेच गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १० हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन. निवडुंग आणि सापांनी भरलेला तो माळ म्हणजे आजची पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी. जेमतेम ७२ गावांच्या संस्थानाला ही रक्कम किरकोळ नव्हती. तरीही कर्जापेक्षा रेल्वेलगतची जागाच मोलाची ठरली असावी. लोखंड आणि कोळसा दारात उतरायचा, नांगर तिथूनच रवाना व्हायचे.

आज पैसा कसा मिळतो?

केंद्राची ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजना २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाली. नमुना तयार करणे आणि चाचण्या यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, तर बाजारात उतरण्यासाठी कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपात ५० लाखांपर्यंत रक्कम, अशी तिची रचना. पैसे थेट कंपनीला न देता इन्क्युबेटरमार्फत, टप्प्याटप्प्याने दिले जातात. जैवतंत्रज्ञानासाठी ‘बायरॅक’चे ५० लाखांपर्यंतचे अनुदान वेगळे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर २००७ पासून अशा कंपन्यांना जागा आणि उपकरणे देत आले आहे.

अडते कुठे?

सीड फंड योजनेच्या दोन अटी पाहा. अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी. आणि हा निधी सुविधा उभारण्यासाठी वापरता येणार नाही. सार्वजनिक पैशाच्या विटा-सिमेंट होऊ नयेत, ही काळजी रास्तच. मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. पण शेतीचे यंत्र बनवणाऱ्या प्राध्यापकाचा एक खरीप दुरुस्तीत आणि दुसरा चाचणीत जातो. त्याला लेथ, शेड आणि तीन-फेज वीजही लागते. औंधने जे आधी दिले, नेमके तेच आज या निधीतून घेता येत नाही. ते इन्क्युबेटरने पुरवावे, ही अपेक्षा. पण पुण्यातला इन्क्युबेटर खटाव-माणच्या शिवारापासून लांब पडतो.

नोकरीचे काय?

लक्ष्मणरावांना नोकरी सोडावी लागली होती. शिक्षण मंत्रालयाच्या २०१९ च्या नवोन्मेष व स्टार्टअप धोरणानुसार प्राध्यापकाला बिनपगारी किंवा अन्य रजा घेऊन कंपनी चालवता येते. संस्थेने दिलेल्या मदतीच्या बदल्यात तिला कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेता येतो. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. प्रत्येक संस्थेने स्वतःचे नियम करायचे आहेत. महाविद्यालयांत मंजूर जागाच रिकाम्या असतील, तर रजेवर गेलेल्याचे तास घेणार कोण, या प्रश्नाला धोरणात उत्तर नाही.

मार्ग कोणता?

सातारा-सांगलीची महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली आहेत. औद्योगिक वसाहती पलूसला आणि कराडजवळ तासवड्यातही आहेत. तिथले काही गाळे संशोधकांच्या कंपन्यांसाठी तीन वर्षे नाममात्र भाड्याने राखून ठेवावेत आणि कंपनीच्या वयाची मोजणी नोंदणीऐवजी पहिल्या चाचणीपासून व्हावी. यातल्या पहिल्या गोष्टीसाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. औंधनेही एका किर्लोस्करवाडीवर समाधान मानले नव्हते. १९१६ मध्ये कराडजवळ, संस्थानाच्याच हद्दीत ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला; घरोघरी गेलेला ‘प्रभाकर’ कंदील याच कारखान्याचा.