उद्यापासून चार दिवस टाँटनमध्ये

मंडळी, उद्या सोमवार, २३ सप्टेंबर २०१९. आपल्या टाँटनच्या मैदानावर सॉमरसेट विरुद्ध एसेक्स, काउंटी चॅम्पियनशिपचा शेवटचा सामना. ज्यांना क्रिकेटचं काही पडलेलं नाही त्यांनीही वाचा, कारण गावात आठवडाभर दुसरा विषय निघणार नाहीये.

आधी गणित. एसेक्स १२ गुणांनी पुढे. विजयाला १६ गुण, अनिर्णित राहिला तर दोघांना ५-५. म्हणजे आपल्याला जिंकायलाच हवं आणि एसेक्सला फक्त हरायचं नाही. बोनस गुणांची भानगड आहे, पण एसेक्सने बोनसमध्ये आपल्यावर चारहून जास्तीची आघाडी घेतली आणि तरीही आपण जिंकलो, असं टाँटनच्या सप्टेंबरातल्या खेळपट्टीवर होईल असं मला वाटत नाही. जिंकलो तर झालंच समजा.

आठवड्यापूर्वी आपण पुढे होतो हो! साउदॅम्प्टनला गेलो आणि कायल ॲबटने एका सामन्यात ८६ धावांत १७ बळी घेतले. सतरा! १९५६ साली जिम लेकरने १९ घेतले, त्यानंतरचे प्रथम श्रेणीतले हे सर्वोत्तम आकडे. नेमके आमच्याच वाट्याला यायचे होते. तिकडे एसेक्सने सरेला हरवलं आणि पारडं फिरलं.

नवीन लोकांसाठी थोडा इतिहास. सॉमरसेट या स्पर्धेत १८९१ पासून आहे आणि एकदाही जिंकलेलं नाही. रिचर्ड्स, गार्नर, बोथम एका संघात होते तेव्हाही नाही. १९७९ ते १९८३ मध्ये एकदिवसीय स्पर्धांचे पाच करंडक आणले, पण हा नाही. आपला गावसकरही १९८० मध्ये इथे खेळून गेला, रिचर्ड्स वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात होता म्हणून त्याच्या जागी. २०१० मध्ये गुण नॉटिंगहॅमशरइतकेच, पण त्यांचे विजय जास्त. त्याच वर्षी बाकीच्या दोन्ही स्पर्धांच्या अंतिम सामन्यांतही हरलो. २०१२ दुसरे, २०१८ दुसरे. आणि २०१६ तर विचारूच नका. आपला सामना एक दिवस आधीच जिंकून पोरं इथे टीव्हीसमोर बसली होती आणि लॉर्ड्सवर टोबी रोलंड-जोन्सने हॅटट्रिक घेऊन मिडलसेक्सला विजेतेपद दिलं. त्या सामन्यात हिल्ड्रेथने घोटा मोडलेला असताना १३५ केल्या होत्या. माझ्या ओळखीचे एक म्हातारबाबा त्या दुपारी काही न बोलता छत्री उचलून घरी गेले. पाऊस नव्हता.

मी मूळ पुण्याचा. त्यामुळे हे दुखणं मला नवीन नाही. प्रा. देवधरांच्या महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ ला लागोपाठ रणजी जिंकली, त्यानंतर आजतागायत नाही. तीनदा अंतिम फेरी गाठली, तीनदा हरलो. शेजारी मुंबईकडे ४१ करंडक, आणि मुंबईकर मित्र कसे बोलतात ते तुम्हाला सांगायला नको. पण विदर्भाने करून दाखवलंच ना? साठ वर्षं कुणी गणतीत धरत नव्हतं, आणि २०१७-१८ ला जिंकले, गेल्या मोसमात परत जिंकले. म्हणून मी अजून आशा सोडलेली नाही.

आता खेळपट्टी. या मैदानाला लोक गमतीने ‘सायडराबाद’ म्हणतात. इथली सायडर प्रसिद्ध, आणि चेंडू वळतो हैदराबादसारखा. उद्याही वळणार आणि वळायलाच हवा, माझं सरळ मत आहे. पावसाचा अंदाज वाईट आहे. एक-दीड दिवस वाहून गेला तर उरलेल्या वेळात २० बळी काढायला पाटा खेळपट्टी करून चालेल का? यावर नाकं मुरडली जातील. २०१७ मध्ये इथेच शेवटच्या सामन्यात मिडलसेक्स हरले आणि खालच्या विभागात गेले, तेव्हाही झाली होती बोंबाबोंब. एप्रिलमध्ये हिरव्यागार गवतावर अख्खा संघ दीडशेत गुंडाळला की त्याला ‘इंग्लिश परिस्थिती’ म्हणायचं आणि सप्टेंबरात चेंडू वळला की लबाडी! भारतातल्या खेळपट्ट्यांबद्दल हेच ऐकत आपण मोठे झालो. अर्थात मर्यादा असते. खेळपट्टी खराब ठरली तर मंडळ गुण कापतं, आणि धोकादायक खेळपट्टीची बाजू मीही घेणार नाही.

पण वळणारी खेळपट्टी दुधारी आहे हे विसरू नका. एसेक्सकडे सायमन हार्मर आहे, माझ्या मते आज काउंटी क्रिकेटमधला सर्वांत चांगला ऑफस्पिनर. आपल्याकडे लीच, बेस आणि व्हॅन डर मर्व. गोलंदाजीत आपण उणे नाही. भीती फलंदाजीची आहे. वर्षभर तळाच्या पोरांनी ओढून आणलेल्या धावांवर आपण सामने जिंकलोय. मुरली विजयला शेवटच्या तीन सामन्यांसाठी आणलंय, चेन्नईत वाढलेल्या माणसाला हार्मर खेळता आला नाही तर कुणाला येणार? समोर कूक आहे, तो दिवसभर नुसता उभा राहिला तरी एसेक्सचं काम होतं. सध्याच्या नियमात पाहुण्या कर्णधाराला हवं तर नाणेफेक न करता आधी गोलंदाजी घेता येते. टेन डोशाटे काही ते घेणार नाही, चौथा डाव इथे कोण मागून घेईल? म्हणजे नाणेफेक होणार, आणि अर्धा सामना मला वाटतं तिथेच.

ट्रेस्कोथिकबद्दल. २७ मोसम एकाच काउंटीसाठी, वय ४३, या सामन्यानंतर निवृत्त. त्याला खेळवा, असं गावात बरेच जण म्हणतायत. माझंही मन म्हणतं. पण यंदा धावा झाल्या नाहीत, संघातली जागा गेली, आणि भावनेपोटी एक जागा देण्याचा हा सामना नाही. तो स्वतःही हेच म्हणेल असं वाटतं. २००६ मध्ये भारत दौऱ्यावरून अर्ध्यात परतून पुढे आपल्या मानसिक आजाराबद्दल उघडपणे लिहिणारा हा माणूस, त्याचं ऋण एका सामन्याने फिटण्यातलं नाहीच.

आणि हे सगळं आत्ताच का महत्त्वाचं? पुढच्या वर्षी ‘द हंड्रेड’ सुरू होतंय. आठ संघ, सगळे मोठ्या शहरांत. टाँटनला त्यात जागा नाही, आपण म्हणे कार्डिफच्या संघाला आपलं मानायचं. ऐन उन्हाळा त्या स्पर्धेला आणि चार दिवसांचं क्रिकेट मोसमाच्या दोन टोकांना, थंडीत. ॲबेल आणि लीच याच गावात जन्मले, ओव्हर्टन बंधू आणि बेस शेजारच्या डेव्हनचे. लहान गावाने पोरं घडवायची आणि दिवे मोठ्या शहरांत लावायचे, हा हिशेब मला पटत नाही. लहान काउंटीला पहिल्यांदा विजेतेपद मिळवायची इतकी चांगली संधी परत कधी येईल सांगता येत नाही.

माझा अंदाज विचाराल तर, पाऊस एका दिवसात आवरला तर आपल्याला चाळीस टक्के. दोन दिवस गेले तर वीसही नाही. (बायको म्हणते मी दरवर्षी चाळीसच सांगतो.)

मी सोमवार आणि गुरुवारची रजा टाकलीय. गिम्ब्लेट्स हिलवर असेन, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठ. ज्यांना जमेल त्यांनी या, मुलांना शाळा सुटल्यावर घेऊन या. छत्री मात्र आणा.